तलावाच्या पाळीवर बसवलेला कुत्रा

माझ्या पायाला भिंगरी आहे, असं घरात सगळे म्हणतात आणि ते खोटं नाही. चहासुद्धा मी उभ्यानंच पितो. असल्या माणसावर कुत्र्याला एका जागी बसायला शिकवायची वेळ आली.

सकाळी वरठीच्या कारखान्यात जायला मोटरसायकल काढली की आमचा कुत्रा मागे धावायचा, गावचा तलाव ओलांडून थेट मोठ्या रस्त्यापर्यंत. त्या रस्त्यानं तुमसरच्या राइस मिलकडे धानाचे ट्रक जातात. एकदा चाक त्याच्या शेपटीला घासून गेलं आणि मला दरदरून घाम फुटला. साखळीला बांधला तर दिवसभर रडायचा. तेही मला ऐकवत नव्हतं. मग ठरवलं, त्यानं तलावाच्या पाळीपर्यंत, म्हणजे मातीच्या बांधापर्यंत यायचं आणि तिथंच बसायचं.

रोज संध्याकाळी सराव सुरू झाला. मी "बस" म्हणायचो, दहा पावलं जायचो, वळून पाहायचो. तो उठलेला असायचा. मी ओरडलो की शेपूट हलवत आणखी जवळ यायचा. एकदा रागानं चप्पल फेकली, तर ती त्यानं तोंडात धरून परत आणली. बायको हे सगळं बघत होती. एक दिवस ती म्हणाली, "तुमी दहादा मांगं पाहून रायले, मंग तो कायले बसन? त्याले वाटते, तुमी बोलावून रायले."

खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं. दुसऱ्या दिवसापासून मागे न पाहता चालायला लागलो. परत येऊन त्याच्या मानेवर हात ठेवायचा, "चाल" म्हणायचं, मगच त्यानं उठायचं. हळूहळू त्याला जमलं. मला मात्र प्रत्येक पाऊल जड जायचं.

मग एका सकाळी त्याला पाळीवर बसवलं आणि मी दिसेनासा झालो की तो घरी जाईल, असं धरून खरोखरच कामाला निघालो. मोठ्या रस्त्याला लागलो तेवढ्यात मागे एका ट्रकचा ब्रेक करकचला. मान वळवायची माझी हिंमत झाली नाही. कारखान्यात फोन गेटवरच जमा करतात, त्यामुळे विचारायचीही सोय नव्हती. त्या दिवशी कामावर मी तीनदा पाणी प्यायला गेलो, दोघांशी भांडलो, आणि सुट्टी होताच सुसाट निघालो. गावाच्या फाट्यावर वेग कमी करून रस्ता नीट पाहिला. डांबरावर काही नव्हतं.

तो पाळीवर होता. तिथंच, भर उन्हात. बायको शेजारी बसून त्याच्यावर छत्री धरून होती, पुढे पाण्याचं भांडं तसंच भरलेलं.

"सकाळपासून उठला नाही," ती म्हणाली. "मी किती बोलावलं. पानीबी नाही पेला."

मी त्याच्या मानेवर हात ठेवला. मान तापली होती. "चाल" म्हणालो. तो लगेच उठला, पण पाय आखडले होते. दोन पावलांत माझ्याच अंगावर कलंडला आणि माझा हात चाटायला लागला. मी तिथंच मातीत मांडी घालून बसलो आणि त्याची माफी मागितली.