हौदाच्या झाकणावरची मोटार

मोटार दुरुस्तीला उघडायला माझी हरकत नव्हती. हरकत होती ती कुठं उघडली याला. पुंडलिकनगरातल्या आमच्या घरी पाण्याचा हौद पोर्चखाली आहे आणि त्याचं लोखंडी झाकण पोर्चच्या बरोबर मधोमध. दुपारची सावलीही नेमकी तिथंच पडते. नवऱ्यानं सावली पाहिली, झाकण पाहिलं नाही.

मोटार म्हणजे दोन माणसांची, उघड्या टपाची, आम्हा दोघांपेक्षा वयानं मोठी असलेली लाल विलायती स्पोर्ट्‌स कार. हैदराबादच्या एका लांबच्या नातेवाइकानं ती विकायला काढली आणि नवऱ्यानं ती ट्रकवर चढवून घरी आणली. खड्ड्यातून गेली की पुढची चाकं अशी खडखडायची की लोक गॅलरीत येऊन बघायचे. पुढच्या सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी बुश पार कुजले होते. ते बदलायचे तर चाकं, स्प्रिंगा, चाकं धरणारे आर्म असं दोन्ही बाजूंचं सगळं उतरवून मोटार स्टँडवर उभी ठेवणं भाग होतं. हे मलाही पटत होतं. मी एवढंच विचारलं, की टँकरचा वार बघून काम काढलंय ना?

"अगं, दोन दिवसांचं काम. टँकर रविवारी येतो."

ते दुष्काळाचं वर्ष होतं. बोअर आटली होती आणि नळाचा भरवसा नव्हता. शहर मात्र चहूकडं वाढतच होतं. बायपासपलीकडं नवीन इमारती उठत होत्या आणि त्यांनाही टँकरच लागायचे. म्हणून आमच्या गल्लीत घरांचे वार ठरलेले होते. वार चुकला की पुढच्या आठवड्यापर्यंत वाट बघायची. एरवी आम्ही कसंबसं निभावलं असतं. पण वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू काकूंची मुलगी बाळंतपणाला आली होती. बाळ जेमतेम आठवड्याचं. बाळाचं न्हाणं, दुपटी, बाळंतिणीचं अंघोळीचं पाणी, सगळं त्याच हौदातून.

शुक्रवारी पाणी किती उरलंय ते बघायला मी खाली वाकले. झाकण चार बोटं उचललं आणि ते मोटारीच्या पोटाला थडकलं. फटीतून बॅटरी मारली. तळाला वीतभर पाणी दिसत होतं.

"अहो, हे उघडत नाही."

"मग जॅकनं थोडी वर घेऊ. स्टँडखाली विटा टाकतो."

"विटांवर उभ्या असलेल्या मोटारीखाली हात घालून टँकरचा पाइप कोण सोडणार? तुम्ही?"

"मग मागं ढकलू."

"कशावर? पुढं चाकंच नाहीत."

यावर तो मोटारीभोवती एक फेरी मारून आला, जणू तीच काही सुचवणार होती.

चाकं लागायची तर आर्म हवे होते आणि आर्म होते शहराबाहेर चितेगावला. तिथं एका टर्नरकडं प्रेस होता. नवे बुश दाबून बसवायला नवऱ्यानं ते त्याच्याकडं दिले होते. रोज फोन केला की "उद्या". शनिवारी मी स्कूटर काढली आणि पैठण रोडनं उन्हात स्वतःच गेले. आर्म दारापाशी जसेच्या तसे पडलेले, वरची जुनी चिखलाची खपलीसुद्धा शाबूत.

टर्नरची बायको बाहेर आली. "ते नाईत ओ ताई. टँकर आलाय, पाण्याला गेलेत."

"कधी येतील?"

"पिंपं भरली की येतेत."

म्हणजे आमच्या पाण्याचं काम त्यांच्या पाण्यापायी अडलं होतं. कुणाला बोलणार? मी पालथ्या बादलीवर बसून राहिले. टर्नर आला तेव्हा पार भिजलेला होता आणि भलताच खुशीत होता.

"ताई, तुमी कशाला आल्या? साहेब तर म्हणले, शौकाची गाडी हाय, आरामात करा."

"असं म्हणाले?"

"व्हय. दोनदा म्हणले."

मी त्याला हौद, झाकण, वरचं बाळ असं सगळं सांगितलं. त्यानं कपाळावर हात मारला. "आता बघा! पाण्याचं काम हाय म्हणायचं ना आधी. मी हे ट्रॅक्टरचं ठिवलं असतं बाजूला." त्यानं ट्रॅक्टरचं खरंच बाजूला ठेवलं आणि माझ्यासमोर बुश दाबून दिले. परतताना पायाशी आर्मची गोणी होती आणि डोक्यात नवऱ्याला ऐकवायची वाक्यं. घरी पोचल्यावर सगळी ऐकवली.

"मला वाटलं, घाईत काम बिघडवेल," तो म्हणाला.

रविवारी सकाळी जोडणी सुरू झाली. स्प्रिंग जॅकनं हळूहळू दाबून बसवायची होती. भाडेकरू काकूंचे यजमान, वरचे काका, चहाचा कप घेऊन शेजारी उभे राहिले आणि प्रत्येक वळशाला "सांभाळून, सांभाळून" म्हणत राहिले. दुसरं चाक चढलं तेवढ्यात टँकर आला. सांगितलेल्या वेळेच्या आधी. एरवी कधी वेळेवर तरी येतो?

ड्रायव्हरनं आधी हॉर्न वाजवला, मग डोकं बाहेर काढलं. "ओ साहेब, म्युझियम हाय का? हटवा गाडी, अजून तीन घरं बाकी हैत!"

"पाच मिनिटं! बोल्ट आवळतो," नवरा मोटारीखालून ओरडला.

"आवळू नका," मी म्हटलं. "तुम्हीच सांगितलं होतं, चाकं जमिनीवर टेकून वजन आल्याशिवाय बुशचे बोल्ट आवळायचे नाहीत. रबर पिळून फाटतं म्हणून."

"अगं, पण ढकलताना निखळलं तर?"

"नट लावलेत ना?"

"हातानं लावलेत."

"मग बास. पोर्चमधून मागच्या मोकळ्या जागेत तर न्यायचीय. मुंबईला नाही."

जॅक उतरवला. मी, नवरा, काका आणि वैतागून खाली उतरलेला ड्रायव्हर, असे चौघं लागलो. पुढची चाकं दारुड्याच्या पायांसारखी फाकली, काहीतरी करकरलं, काका पुन्हा "सांभाळून" म्हणाले आणि मोटार मागं सरकली. झाकण पुरतं उघडलं. ड्रायव्हरनं पाइप आत सोडला आणि पाणी पडायला लागलं. वरून काकूंनी विचारलं, "आलं का गं?" "आलं!" मी म्हटलं. त्यानंतर वरून न्हाणाचं घंगाळ ओढल्याचा आवाज आला.

टँकर गेल्यावर नवरा पुन्हा मोटारीखाली शिरला आणि आता चाकांवर टेकलेल्या मोटारीचे बोल्ट एकेक करून आवळू लागला. "बघितलंस? हीच खरी पद्धत असते," तो आतून म्हणाला.

त्याच दुपारी मी पिवळा ऑइलपेंट आणला आणि मी नोकरी करते त्या कंपनीत, जिथं काही ठेवायचं नाही तिथं फरशीवर आखतात तसा, झाकणाभोवती ठसठशीत चौकोन मारला. रंग वाळायच्या आत नवऱ्यानं त्यात जॅक आणून ठेवला.