गाडीचा दरवाजा कोणी धरला होता?

अंगारे-धुपारे, बाहेरची बाधा असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. गाडी बंद पडली तर मेकॅनिक, माणूस आजारी पडला तर डॉक्टर — एवढं साधं माझं गणित. आजही तेच आहे. पण मे महिन्यातली ती दुपार काही या गणितात बसत नाही...

आम्ही अमरावतीचे. हे वकील, मी शाळेत शिकवते. यांच्या पायाचा अंगठा काळा पडत चालला होता. अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासून स्पष्टच सांगितलं, "सिगरेटने पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात. औषधं देतो, पण सिगरेट आजपासून बंद. नाहीतर आधी अंगठा जाईल, मग पाऊल."

तलफ आली की पाणी प्यायचं, निकोटिनचं च्युइंगगम सावकाश चावायचं, कुणाशी तरी बोलत राहायचं. पाच-दहा मिनिटांत ती ओसरते, असंही ते म्हणाले. गम मी तिथल्याच मेडिकलमधून घेतलं. घराजवळच्या पानवाल्याला तिथूनच फोन केला — साहेबांना सिगरेट द्यायची नाही.

परतताना गाडी मीच चालवत होते. मूर्तिजापूर मागे पडलं आणि हे म्हणाले, "त्या टपरीपाशी थांबव जरा. पाणी घेतो."

"बाटली तुमच्या मांडीवर आहे."

"गरम झालं ते. अन् तू काय जेलर आहेस का माही?"

वकिलाशी वाद घालून कोण जिंकलंय? थांबवली, इंजिन बंद केलं.

यांनी हँडल ओढलं. दरवाजा उघडेना. लॉक तर उघडंच होतं. मग माझाही उघडेना. काचा खाली होईनात, गाडी चालू होईना. बॅटरी गेली म्हणावं, तर हँडलला बॅटरी लागत नाही! आतली हवा भट्टीसारखी तापली. यांना धाप लागली. काच बडवायला लागले.

टपरीवाला धावत आला. यांचा दरवाजा त्याने पाय लावून ओढला. मग काचेशी तोंड आणून ओरडला, "साहेब, मांगच्या बुढ्याले सांगा ना, हँडल सोड म्हणून! काहून धरून राह्यला तो?"

आम्ही दोघांनी मागे पाहिलं. सीटवर रिपोर्टची पिशवी आणि माझी छत्री. बस.

"कोणता बुढा?" मी ओरडले.

"तो काय! साहेबाच्या खांद्यावरून हात घातला ना त्यानं!"

हे थिजले. मग दोन्ही हात वर केले आणि समोर बघत, रडवेल्या आवाजात म्हणाले, "नाई घेत मी सिगरेट... नाई घेत. आता सोड मले."

खट्!

दरवाजा उघडला आणि हे टपरीवाल्याच्या अंगावरच कोसळले. त्याने पाणी पाजलं. मग आत डोकावून म्हणतो कसा, "बुढा नाई उतरत का?"

गॅरेजमध्ये सगळं तपासून घेतलं. लॉक, वायरिंग, बॅटरी — काही दोष नाही. कोंडलेल्या गाडीतल्या उकाड्याने भास झाला म्हणावं, तर बुढा आम्हाला नाही, बाहेर मोकळ्या हवेतल्या टपरीवाल्याला दिसला.

अंगठा वाचला. डॉक्टर यांच्या निर्धाराचं कौतुक करतात, हे मान खाली घालून ऐकतात. परवा चहा पिताना मी सहज विचारलं, "आता तलफ येते का हो?"

"येते ना. रोज येते... पण खुर्चीतून उठूच देत नाही."

"कोण?"

यांनी नकळत स्वतःच्या खांद्यावरून हात फिरवला.