आंबीलही जेवणच

नोकरी लागली तशी मी भाकरी सोडली. कळंबच्या शाळेतल्या मास्तराने डब्यात पोळीच न्यायची, असा माझा खाक्या. मास्तरकी संपली आणि शुगर निघाली. "महिनाभरात जेवणानंतरचा आकडा उतरला नाही, तर इन्सुलिन," डॉक्टर म्हणाले. सुईला मी वर्गातल्या पोरांपेक्षा जास्त भितो, हे बायकोला ठाऊक.

तिने शुगर तपासायचं मशीन आणलं. जेवणानंतर दोन तासांनी बोट पुढे करायचं. भात खाल्ला की आकडा उडी मारायचा, पोळीला थोडा कमी, ज्वारीच्या भाकरीला सगळ्यात शहाणा. मग काय, मला चेवच आला. ज्वारी आपली, तिच्यापासून कसला धोका, असं मी ठरवूनच टाकलं.

महिना संपता संपता येळवस, म्हणजे वेळ अमावास्या आली. त्या दिवशी आमच्याकडे गावंच्या गावं शेतात जेवतात. थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या शेतात मी एकच भाकरी घेतली, पालेभाज्या आणि शेंगदाण्यांच्या भज्जीवर ताव मारला, गव्हाच्या खिरीला हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं स्वतःचं कौतुक केलं. दोन तासांनी झाडाखाली बोट टोचलं, तर आकडा भातापेक्षाही वर.

बायकोचा चेहरा उतरला. अक्काने विचारलं, "आंबील किती पिलास?"

"तीन तांबे. ती काय खाणं हाय व्हय? ताकाचं पाणीच की."

"अन् त्यात म्या कालवल्यालं ज्वारीचं पीठ कुठं गेलं? ऊठ, बांधानं फिरून ये."

निघालो. पण येळवशीला बांधावरून कोण कोरडा जातो? प्रत्येक शेतातून हाक, "या गुरुजी, आंबील घ्या." नाही म्हणावं तर अपमान. शेवटी सरळच सांगू लागलो, "शुगर वाढलीय, चालायला पाठवलंय." लोक हसले. दोन शुगरवाले तर जेवण आवरून माझ्याबरोबरच चालू लागले. इतकं हसत मी कित्येक वर्षांत चाललो नव्हतो.

तासाभराने परत बोट टोचलं. आकडा चांगलाच खाली आला होता. बायकोने तो लगेच शुगरच्या वहीत टिपला.

"आता तरी जेव गं," अक्का तिला म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. "तुझ्या आकड्याच्या घोरानं सकाळधरनं घास घेतला न्हाय तिनं."

 पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी वही पाहिली आणि सुई टळली. पण त्या दुपारी मी लग्नानंतर पहिल्यांदाच तिचं ताट वाढलं. आंबिलीचा पेला तिच्यापुढे ठेवला. तिने ती प्यायली, आणि पेल्यात घोटभर ठेवून तो माझ्याकडे सरकवला.