बाग काढणारे आतोबा

मुलुंडातली यच्चयावत मोकळी जमीन देवाने आपल्यालाच सांभाळायला दिली आहे, अशा समजुतीने जगणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो माझ्या आत्याचा नवरा होता. कॉलेजची दोन वर्षं मी त्यांच्याकडे राहिलो. त्या दोन वर्षांत कुठल्याही रिकाम्या जागेवरून आतोबा नुसते चालत गेलेले मला आठवत नाहीत. ते थांबायचे, डोळे बारीक करायचे आणि पावलं टाकून ती मोजायचे. सगळा जन्म नकाशे काढण्यात गेल्यामुळे माणसांपेक्षा चौरस फूट त्यांच्या अधिक ओळखीचे होते. माझ्या चुलतभावासाठी एकदा घाटकोपरला मुलगी बघून आले. आत्याने विचारलं, "कशी आहे?" आतोबा म्हणाले, "खोली बारा बाय दहा. उजेड उत्तरेचा." आत्या म्हणाली, "अहो, मुलगी." त्यावर जरा आठवून म्हणाले, "होती. खिडकीजवळ." जेवायला बसले की भाताचा डोंगर करून त्यातून वरणाची नदी काढायचे आणि पूर कुठवर येईल ते मला दाखवायचे. आत्या तेवढ्यात ताक वाढून सगळा प्रदेश बुडवून टाकायची.

मुलुंड तेव्हा मुंबईत नुकतंच आलं होतं, तेही कागदावर. घरांच्या पाठीमागे भातशेतं होती आणि संध्याकाळी डोंगराकडून गवताचा वास यायचा. तो वास पुढे मला कुठल्याच गावात मिळाला नाही. आमची आळीसुद्धा एका जमीनदाराने शेत मोडून प्लॉट पाडले त्यातूनच उभी राहिलेली. ते प्लॉट कागदावर काढले होते तरुणपणी आतोबांनी. मधला एक तुकडा त्यांनी मालकाच्या सांगण्यावरून हिरवा रंगवला आणि त्यावर लिहिलं, 'बाग'. चार गुलमोहर, एक दगडी बाक आणि बरंचसं गवत एवढीच ती बाग, पण आळीतल्या लोकांनी तिला मैदान म्हटलं की आतोबा दोन दिवस त्यांच्याशी बोलत नसत.

जमीनदार वारला आणि त्याचा शहरातला पुतण्या वारस झाला. एका सकाळी गुलमोहराला पाटी ठोकलेली दिसली, 'प्लॉट विकणे आहे'. आतोबा चहा न पिता पालिकेच्या कचेरीत गेले. तिथे कळलं की पुतण्याने अर्ज केलाय, जागा ओसाड आहे, तिथे कोणी फिरकत नाही, तेव्हा विकायची परवानगी मिळावी. येत्या पंधरवड्यात साहेब कधीही पाहणीला येणार होते.

"कोणी फिरकत नाही म्हणतो," आतोबा मला म्हणाले. "आता बघ कसे फिरकतात ते."

त्यांनी सबंध आळीचा तक्ता काढून वाण्याच्या दुकानात लावला. उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत बागेत कोण, कधी आणि कोणत्या झाडाखाली बसणार, सगळं सुंदर अक्षरात लिहिलेलं. निवृत्त म्हाताऱ्यांना सकाळ दिली. त्यांनी तिथे पत्ते आणले आणि तिसऱ्या दिवशी भांडण. गावठाणातले फ्रान्सिसभाऊ शेती करायचे आणि लग्नांत क्लॅरनेट वाजवायचे. त्यांना संध्याकाळ मिळाली. ते म्हणाले, "मी वाजवीन, पण लोक पळून गेले तर मला बोलू नका." मला दुपारची तीन ते पाचची वेळ दिली, ऐन वैशाखात, का तर विद्यार्थी आहे, वाचत बसेल. मी वाचलं काहीच नाही, पण पानांतून उन्हाचे कवडसे वहीवर पडायचे ते अजून डोळ्यांसमोर आहेत. आत्याला पापड घेऊन यायला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "पापड वाळवायला आपली गच्ची आहे."

"गच्ची कोणी विकत नाहीये," आतोबा म्हणाले. आत्या पापड घेऊन निघाली.

बारा दिवस आतोबा बाकावरून हलले नाहीत. तेराव्या दिवशी दुपारी दाढी फारच वाढली म्हणून न्हाव्याकडे गेले आणि नेमके तेव्हाच साहेब आले. बागेत मी होतो, आत्या होती आणि क्लॅरनेटची तालीम करायला लवकर आलेले फ्रान्सिसभाऊ होते. साहेबांनी पापडांकडे पाहून आत्याला विचारलं, "बाई, तुम्ही इथे रोज येता?"

आत्याला खोटं बोलता येत नसे. "रोज येते," ती म्हणाली, "नाइलाजाने."

साहेबांनी लिहिता लिहिता हात थांबवला. आत्या पापड उलटत म्हणाली, "ही बाग आमच्या ह्यांनी काढली, कागदावर. ती जाणार म्हटल्यापासून त्यांना जेवण जात नाही. माणसाला एकटं कसं बसू द्यायचं?"

इतक्यात अर्धी दाढी केलेले आणि गळ्यात न्हाव्याचा टॉवेल असलेले आतोबा धावत आले. वाटेत घरून नकाशा उचलून आणला होता. साहेब म्हणाले, "ह्यावर शिक्का नाही." आतोबा धापा टाकत म्हणाले, "अक्षर माझं आहे." साहेबांनी आपली फाइल उघडून जुना मूळ नकाशा काढला. हिरवा रंग पार उडाला होता, पण 'बाग' तशीच होती, 'ग'ला तीच लांबलचक शेपटी. त्यांनी दोन्ही कागद शेजारी धरले, फाइल मिटली आणि आत्याला म्हणाले, "एक पापड भाजून मिळेल का?"

पाटी निघाली. विक्री थांबली, आणि मग हळूहळू लोकही यायचे थांबले. बाग असावी असं सगळ्यांना वाटत होतं, पण येऊन बसायला कोणाला सवड नव्हती. ह्याचं वाईट मलाच जास्त वाटलं. आतोबा म्हणाले, "असू दे रे. ती राहिली ना." तक्ता त्यांनी स्वतःच काढून घडी घालून ठेवला. संध्याकाळी मात्र ते जात, आणि आता कोणी सांगत नसतानाही आत्या त्यांच्याबरोबर जायची. दोघं बाकावर फारसं न बोलता बसत. मी नोकरीला नागपूरला निघालो त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी वळून पाहिलं, तेव्हाही दोघं तशीच बसली होती. मला हाक मारावीशी वाटली. मारली नाही.

आता दोघंही नाहीत. भातशेतं गेली, चहूबाजूंनी घरं आली. मुलुंडला गेलो की मी थोडा वेळ बागेत जातो. गेल्या खेपेस पलीकडे भाजीची पिशवी घेऊन बसलेल्या बाईंनी विचारलं, "कोणाची वाट बघताय का?" मी नाही म्हणालो आणि अंधार पडेपर्यंत बसून राहिलो.