साहेबापुढचं 'व्हेरी'

प्लेगच्या साली पिरनवाडीच्या माळावर आजाऱ्यांसाठी झोपड्या उभ्या राहिल्या. तिथं मी कारकून होतो आणि आप्पा कंपाउंडर. त्यांच्या बोलण्यात उठताबसता 'लई' यायचं: चहा लई ग्वाड, ऊन लई, कारकून लई आळशी. इंग्रजीत मात्र माणूस कंजूष. गोऱ्या डॉक्टरला मराठी कळत नव्हती. हे नुसतं 'सिक' म्हणाले की तो पुढं जाई, 'व्हेरी सिक' म्हणाले की थांबून तपासे. सगळ्यांनाच 'व्हेरी' लावलं तर तो कुणापाशीच थांबणार नाही, हे ते ओळखून होते.

एका सकाळी खाटेवर त्यांची आईच होती. तिला श्वास घेववत नव्हता. डॉक्टर आला. आप्पांनी आईचं पांघरूण सारखं केलं आणि म्हणाले, "सिक." शेजारी बेळगुंदीची एक बाळंतीण होती. तिथं म्हणाले, "व्हेरी सिक, सर."

"आप्पा, असं का वो?" मी नंतर विचारलं.

"रोज कुणाच्या तरी आईला नुसतं 'सिक' म्हणतोयच की रं."

आई संध्याकाळी गेली. बाळंतीणही वाचली नाही.

त्यानंतर त्यांच्या तोंडून 'लई' कधी आलं नाही. चहा दिला की घोट घेऊन म्हणत, "ग्वाड हाय."