काचघरातलं इरलं

माझी आई छपराखाली इरलं घालून काम करायची, असं मी सांगितलं की लोकांना वाटतं आमचं घर गळत असावं. आमच्या कौलारू घरात पावसाचा थेंब येत नसे. गळायचं ते काचघर.

टोकावड्याच्या पुढे, माळशेजच्या रस्त्याच्या आत, मुंबईच्या एका कुटुंबाची बाग होती. तिच्या मधोमध लोखंडी सांगाड्याचं काचघर. मालकांनी हौसेने बांधलेलं. आत ऑर्किड, अँथुरियम आणि एका टोकाला नेची, म्हणजे फर्न. मालक वारल्यावर त्यांच्या पत्नी अधूनमधून येत. आम्ही त्यांना बाई म्हणायचो. काचघर सांभाळायची माझी आई. तिला शाळा माहीत नव्हती, पण त्या काचघरातल्या तिच्या पगारावर माझी पुस्तकं आली, शहापूरच्या कॉलेजची फी भरली गेली आणि आमच्या घराण्यात पहिल्यांदा कुणी पदवीधर झालं. बीएस्सीचा निकाल लागला तेव्हा मी पेढे घेऊन आधी काचघरात गेले होते. आईने हात पुसून पेढा घेतला आणि अर्धा मोडून दाराच्या उंबऱ्यावर ठेवला. मुंग्यांसाठी, म्हणाली.

काचा फोडायची माकडं. उन्हाळ्यात सिद्धगडच्या बाजूच्या रानातून ती आंब्यावर यायची आणि आंब्यावरून थेट काचघरावर उडी. छपराच्या पश्चिम उतारावरच्या काचा एकेक करून गेल्या आणि लोखंडाच्या रिकाम्या चौकटी राहिल्या. बाईंनी एकदा नव्या काचा कल्याणहून टेम्पोने पाठवल्या. त्यातल्या निम्म्या रस्त्यातच फुटल्या आणि उरलेल्या पुढच्या उन्हाळ्यात माकडांनी पाहून घेतल्या. मग आई चौकटींवर प्लॅस्टिकचा कागद बांधायची. आषाढातल्या वाऱ्यात तो फाटून फडफडत राही. पाऊस सरळ कुंड्यांत पडे, मुळं कुजत आणि आई इरलं पांघरून, वाकून, एकेक कुंडी कोरड्या बाजूला सरकवत राही. पूर्वेकडच्या काचा शाबूत होत्या, पण तिकडे सगळ्या कुंड्यांना जागा कुठून पुरणार?

एका दिवाळीनंतर बाई आल्या आणि कुजलेली ऑर्किडं बघून तिथेच बसल्या.

“आता पुरे,” त्या म्हणाल्या. “पुढचा पावसाळाही असाच गेला तर उरलेली झाडं मी मुंबईच्या नर्सरीला देऊन टाकते. सांगाडाही काढून टाकू. तू बाहेरच्या बागेत खुरपायला ये.”

घरी येताना आई वाटेत थांबून मला म्हणाली, “खुरपायला मी कुठं पन जाईन गो. पन ती झाडं माज्याबिगर जगायची नाय.”

मी तेव्हा मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले होते. त्याच हिवाळ्यात कारखान्याच्या छपरात उजेडासाठी पॉलिकार्बोनेटचे पत्रे बसवत होते. मी जेवणाच्या सुट्टीत डबा हातात घेऊन खाली उभी राहून बघायचे. बसवणाऱ्याने मला गंमत म्हणून एक तुकडा दिला. काचेसारखा आरपार उजेड, पण आत बारीक नळ्या-नळ्यांची पोकळी, आणि वजन पुठ्ठ्यासारखं. मी तो घरी आणून ओट्यावर ठेवला आणि वर पाट्याचा वरवंटा टाकला. तुकड्याला काही झालं नाही. आई आतून ओरडली, “वरवंटा फोडशील गो!”

दुसऱ्या दिवशी मी एसटीडी बूथवरून बाईंना फोन केला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना काही मागितलं. बाई बराच वेळ ऐकून म्हणाल्या, “पश्चिमेचा उतार कर. पावसाळा टिकला तर बघू.” त्यांनी मापाप्रमाणे पत्रे पाठवले. मापं मी स्वतः शिडीवर चढून घेतली होती. पत्रे अगदी मोजून आले, एकही जादा नाही.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला ते बसवायला डोळखांबहून मामा आला. कॉलेजची वर्षं मी त्याच्याच घरी राहिले होते, त्यामुळे मला चिडवण्याचा त्याला हक्क होता. गावोगावच्या घरांची शाकारणी करणारा माणूस. दर वैशाखात लोकांची कौलं उतरवून, झाडून, पुन्हा लावायचा. आमच्याकडे शाकारणीला पुरुष वर आणि बायका खालून कौलं द्यायच्या. मी शिडीवर पाय ठेवला तसा तो ओरडला:

“उतर खाली! लोकं म्हनतील मामाचे हात मोडले, म्हनून भाचीला चढवलीन!”

“मापं माझी आहेत मामा. चुकली तर मीच वर पाहिजे.”

“बीएस्सीत छपरावर चढायला शिकवत्यात वाटतं,” तो म्हणाला आणि सरकून मला जागा दिली.

पत्र्याची लांबी बघून तो हरखला. “पागोळीपासनं आढ्यापर्यंत एकच कौल! आमचा धंदा बुडवलास पोरी.” मात्र भोकांवरून आमचं वाजलं. कारखान्यात बघितल्याप्रमाणे स्क्रूपेक्षा भोक मोठं पाडायचं आणि कडेला फट ठेवायची, असं मी म्हणत होते. मामाला ते पटेना.

“ढिलं ठेवू? ढिलं काम केलं म्हनून गावात माजं नाव निघंल.”

“उन्हात हे पसरतं. जागा नाही ठेवली तर फुगून वर येईल. आसनगावला रुळांच्या जोडात फट बघितली आहेस ना?”

“ती रुळं घासून पडलीया.”

“मुद्दाम ठेवलेली असते. तापल्यावर रूळ वाढतात म्हणून.”

हे मला सातवीत आमच्या विज्ञानाच्या गुरुजींनी शिकवलं होतं. तापवलेला लोखंडाचा गोळा कडीतून जात नाही हे दाखवताना त्यांचं बोट भाजलं होतं. बोट तोंडात धरून त्यांनी उरलेला धडा पुरा केला. त्या छपरावर मला ते बोट आठवलं. मामाने डोकं खाजवलं. मग म्हणाला, “बरं. तुज्या फटीला मान.” दुपारी ऊन चढल्यावर पहिल्या पत्र्यातून टक टक असा आवाज यायला लागला. मामा आंब्याखाली भाकरी खात होता. हातातला घास तसाच धरून तो ऐकत राहिला. पत्रा फुगला नाही, मोठ्या भोकांत सरकत होता. “चालतंय गो,” तो म्हणाला, “जागच्या जागी चालतंय!”

आम्ही जेवून उठलो तेव्हा आई पत्र्यावर वाकलेली होती. पुढच्या पत्र्याची पाळी यायची म्हणून तिने तो आधीच जमिनीवर घेऊन स्वच्छ केला होता. काचा ती नेहमी चुलीची राख आणि नारळाचा काथ्या घेऊन घासायची. त्यांच्यात आंब्याचं पान न् पान दिसायचं. तसाच, जोर लावून, तिने हा पत्रा घासला होता. पाणी ओतलं आणि राख वाहून गेली, पण पत्रा उजळला नाही. सगळीकडून पांढुरका झाला होता.

“बाय,” मामा आईला म्हणाला, “पत्र्याला मोतीबिंदू केलास गो.”

आई हसली नाही. काथ्या हातात तसाच राहिला. “माज्या हातानं माजंच काम घालवलं मी,” ती म्हणाली. “एकबी जादा नाय ना?”

नव्हता. त्याच्याशिवाय एक चौकट उघडी राहिली असती आणि पाऊस तिथूनच आत आला असता. मी पत्रा उचलून उन्हात धरला आणि खाली हात घातला. हाताची सावली पडली, पण मऊ, कडा नसलेली. नेचींच्या टोकाकडे बघितल्यावर मला हसू आलं.

“आये, उन्हाळ्यात नेचीवर आपण काय बांधतो?”

“जुनं लुगडं. न्हाय तर करपते ती.”

“मग हे लुगडंच आहे. कधी न फाटणारं.”

आईने माझ्याकडे, मग पत्र्याकडे बघितलं. मामा आधीच पत्रा खांद्यावर घेऊन शिडीकडे निघाला होता. “नेचीचा पत्रा आला रे, बाजूला व्हा!” असं तो आंब्यावरच्या माकडांना सांगत होता. संध्याकाळपर्यंत पश्चिमेला एकही रिकामी चौकट उरली नाही. दुसऱ्या दिवशी वानरांची टोळी धाडकन उतरली, पत्र्यावरून घसरगुंडी करत पागोळीपर्यंत आली आणि हात टेकायला कडा न मिळाल्याने खाली गवतात. आई दारात उभी राहून पोट धरून हसली. तिला असं हसताना मी फार थोड्या वेळा पाहिलं आहे.

आषाढात, कुणाला न कळवता, बाई आल्या. माळशेजच्या बाजूने ढग खाली आले होते आणि धो धो चाललं होतं. कारखान्याला सुट्टी होती. मी आईबरोबर कुंड्या भरत होते. बाई छत्री उघडी ठेवूनच दारातून आत शिरल्या, कारण इतकी वर्षं त्या काचघरात तशाच शिरत होत्या.

“छत्री मिटा, बाई,” आई म्हणाली. “आत पाऊस नाय.”

बाईंना पटकन कळलं नाही. त्यांनी छत्रीबाहेर हात काढला, तळवा वर केला, तसाच धरून ठेवला. डोक्यावर पाऊस ताशासारखा वाजत होता आणि तळव्यावर काही पडत नव्हतं. त्यांनी छत्री मिटली. कुंड्यांच्या रांगेतून वर बघत बघत त्या शेवटापर्यंत चालत गेल्या. ऑर्किडांना नवे कोंब फुटले होते. नेचींपाशी त्या थांबल्या.

“हा एक असा पांढरा का?”

मी तोंड उघडण्याआधी आई बोलली. “तो माजा हाय. नेचीसाटी केलेला.”

बाई हसल्या आणि नेचीच्या पानाला हात लावून म्हणाल्या, “झाडं कुठे द्यायची नाहीत. आणि खुरपायला दुसरं कुणी बघू.”

पुढे सगळ्यात आधी पिवळा पडला तो आईचाच पत्रा, पण तोवर तिने त्या काचघरात अजून बरेच पावसाळे काढले होते. मला डोळ्यांपुढे दिसते ती मात्र बाई आल्या त्या दिवसाची संध्याकाळ. दाराच्या आत, खिळ्यावर, तिचं इरलं सकाळपासून तसंच टांगलेलं होतं, कोरडं खडखडीत. आईने दिवसभराचं काम संपवलं, पदर खोचला, ते काढून डोक्यावर घेतलं आणि काचघराचं दार ओढून पावसात उतरली.