भाकरीची करपलेली कड

ती घटना आठवली की आजही मी उठून दाराची कडी बघून येतो. बायको म्हणते, खात्यातून निवृत्त झालात, या कडीतून कधी होणार? तिला हसू येतं, मला येत नाही.

नोकरीची शेवटची दोन वर्षं मी आळंद भागातल्या एका ठाण्यात प्रमुख होतो. फिर्याद मराठीत ऐकायची, जबाब कन्नडमध्ये लिहायचा आणि दम उर्दूत द्यायचा, असा आमचा सीमेवरचा कारभार. नावं कुणाचीच सांगणार नाही. माझी चूक मात्र सांगणार आहे, कारण प्रकरणाची सुरुवात तिथूनच झाली.

बचत गटाच्या बायकांच्या कार्यक्रमाला मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. आदल्या दिवशी मुलीने चार गोष्टी सांगितल्या, त्याच मी तिथे ठोकून दिल्या. आता गिऱ्हाईक रस्त्यावरची पाटी वाचत नाही, फोनला विचारतं. फोनमध्ये ज्याचं दुकान दिसत नाही ते असून नसल्यासारखं. नकाशावर नाव घाला, फोटो टाका, वेळा लिहा. मागच्या रांगेतून एका बाईने विचारलं, "साहेब, न्हाई दिसलं तर चालत न्हाई का?"

सगळ्या हसल्या. मीही हसलो. "धंदा करायचा आणि तोंड लपवायचं, कसं जमेल अक्का?" असं म्हणून मी टाळ्या घेतल्या.

चार-पाच महिन्यांनी तीच बाई ठाण्यात आली. अकराची वेळ होती, मी स्टेशन डायरीवर सह्या करत होतो. कडगंचीच्या रस्त्याला तिची पत्र्याची खानावळ होती. विद्यापीठातली पोरं-पोरी, ट्रकवाले तिथे ज्वारीची भाकरी खायला यायचे. तिने फोन टेबलावर ठेवला आणि दोन पावलं मागे सरकली.

"कुणीतरी माझ्या दुकानाबद्दल लिवायलाय साहेब."

ठाण्याची लिखापढी करणाऱ्या रायटर हवालदाराने वाचून दाखवलं. पाच तारे. ‘चव तीच आहे.’ त्याखाली आठवड्याने त्याच माणसाने लिहिलेलं, पुन्हा पाच तारे. ‘भाकरीची एक कड अजूनही करपते.’

रायटरला हसू आवरेना. "अक्का, लोक एक तारा पडला म्हणून रडत येत्यात. तुला पाच पडले तर ठाण्यात आलीस व्हय?"

मी त्याला गप्प केलं नाही. अर्ज ठेवून घेतला, बघतो म्हणालो आणि तिला वाटेला लावलं. ती दारापर्यंत गेली आणि तिथूनच परत फिरली. डाव्या हाताची बाही तिने वर सारली. मनगट वाकडं जुळलेलं होतं.

"ह्यो हात लवकर फिरत न्हाई. तव्यावरून भाकरी चुलीतल्या आरावर घेईपर्यंत एक कड करपती. हे मनगट ज्यानं मोडलं, त्यालाच ते ठावं हाय."

रायटरने लेखणी खाली ठेवली. मी तिला खुर्ची दिली.

तिचं माहेर दुबलगुंडी, सासर सीमेपलीकडे उमरग्याच्या बाजूला. नवरा संशयी आणि मारकुटा. मनगट मोडलं त्या दिवशी त्याने कोयताही काढला होता. शेजारणीने मागच्या दाराने बाहेर काढलं म्हणून ती वाचली. त्याला सात वर्षं झाली होती. नाव बदलून ती इथे राहिली. माहेरीही कळवलं नाही, कारण तो पहिल्यांदा तिथेच शोधायला जाणार. सात वर्षं तिच्या आईला लेक जिवंत आहे की नाही, हेच माहीत नव्हतं.

"तो खानावळीत येऊन गेला का?" मी विचारलं.

"न्हाई. पाठीवरूनबी वळखीन मी त्याला. कुणाच्या तरी हातानं भाकरी बांधून नेऊन खाल्लीय त्यानं."

सदतीस वर्षांच्या नोकरीत मी पुष्कळ धमक्या वाचल्या होत्या. लाल शाईच्या, शिव्यांच्या, देवीची शपथ घातलेल्या. पण ह्या दोन गोड ओळी त्या सगळ्यांपेक्षा वाईट होत्या. हे जगाला स्तुती म्हणून दिसत होतं आणि समजणार होतं फक्त तिला. त्याला ते पक्कं ठाऊक होतं.

लिहिणाऱ्याचा ठावठिकाणा काढायला जिल्ह्याच्या सायबर शाखेकडे पत्र धाडलं. उत्तराला दिवस लागणार होते. मग प्रश्न उरला तो साधा. नाव बदललेलं, फोटोत तोंड नाही, मग याला खानावळ सापडली कशी?

फोनच्या नकाशावर तिची नोंद करून देणारा एक पेंटर होता. पन्नाशीचा माणूस. आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. छापील फलक आले आणि ब्रश वाळला, तेव्हा तो फोनमध्ये दुकानं दाखवायचं काम शिकला. त्याला बोलावून घेतलं. चहा दिला आणि मी समोर गप्प बसून राहिलो. ठाण्यात आपण गप्प बसलो की समोरचा बोलतो, हा माझा अनुभव.

"साहेब, माझं काय चुकलं? समद्या नियमानं केलंय मी," तो म्हणाला. "नाव, पत्ता, वेळ समदीकडं एकच पायजे. फोटो ताजे पायजेत. कुणी प्रश्न विचारला की लगेच जबाब द्यायचा. आन् मेन म्हंजे, दुसऱ्याकडं न्हाई असं कायतरी पायजे. शंभर खानावळी भाकरी देत्यात, मशीन तुमचंच नाव कामून सांगल?"

"मग हिचं वेगळं काय लिहिलंस?"

त्याने अभिमानाने सांगितलं, "रडकी चटणी."

कारळ आणि सुकी मिरची उखळात कुटताना डोळ्यांतून पाणी येतं, म्हणून तिच्या आईने ठेवलेलं हे नाव. त्या एका घराबाहेर ते कुणी वापरत नव्हतं, जावई म्हणून नवऱ्याच्या कानावर तेवढं पडलेलं. नाव बदलताना बाईने सगळं मागे सोडलं, आईचा हा शब्द तेवढा तोंडात राहिला. पेंटरने विचारलं आणि तिने सांगून टाकला.

मी माझा फोन काढला आणि मराठीतच विचारलं, "रडकी चटणी कुठं मिळते?" क्षणात उत्तर आलं. हा पदार्थ कडगंचीजवळच्या एका खानावळीत मिळतो. सकाळी सहाला उघडते. लवकर गेल्यास मालकीण एकट्याच असतात, त्यामुळे निवांत खाता येतं.

"एकट्याच असतात हे फोनला कुणी सांगितलं?" माझा आवाज चढला.

पेंटरने बशी खाली ठेवून नोंद उघडून दाखवली. आठवड्यापूर्वी कुणीतरी नोंदीखाली प्रश्न विचारला होता: गर्दी कधी नसते? त्याने मालकिणीच्या वतीने उत्तर टाकलं होतं. सहा ते साडेसात या, ताई एकट्याच असतात. यंत्राने ते उचललं आणि विचारेल त्याला सांगत सुटलं. प्रश्न विचारणारा आणि पाच तारे देणारा माणूस एकच होता.

पेंटर रडायला लागला. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यात अर्थ नव्हता. आणि खरं सांगायचं तर टाळ्या त्याने घेतल्या नव्हत्या, मी घेतल्या होत्या.

नोंद ताबडतोब पुसावी असं रायटरचं मत पडलं. मी नको म्हणालो. पुसली तर तो सावध होईल, आणि जागा तर त्याला कळलेलीच होती. उलट पेंटरकडून मी नवीन ओळ टाकून घेतली: विद्यापीठाला सुट्टी असल्याने गुरुवारी सकाळी गर्दी नसेल. टाकण्याआधी ती ओळ मी दोनदा वाचली. आमिष म्हणून आपण काय लावतोय, ते मला दिसत होतं.

चुलीपाशी आमची महिला कॉन्स्टेबल तिचं लुगडं नेसून बसणार, असं ठरलं होतं. गुरुवारी पहाटे बाईने तिला भाकरी थापताना ऐकलं आणि मान हलवली.

"हिचे दोन्ही हात सारके पडायलेत. त्यो बाहेरनंच ओळखून परत जाईल. मीच बसते."

"अक्का, भीती नाही वाटत?"

"लई वाटायलीय साहेब. पण आज परत गेला तर मला रोजच वाटल."

ती बसली. महिला कॉन्स्टेबल पिठाच्या पोत्यांआड, मी आणि दोन हवालदार साध्या वेशात पडद्यामागे. एक हात भारी, एक हलका, असा तो थापण्याचा आवाज. सव्वासहा झाले. साडेसहा झाले. माझ्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता आणि पुसायला हात हलवायची सोय नव्हती. बाहेर मोटारसायकल थांबली.

दारात उभा राहिलेला माणूस अगदी साधा दिसत होता. पांढरा सदरा, खांद्याला कापडी पिशवी. तो हळू आवाजात म्हणाला, "रडकी चटणी हाय न्हवं?"

तिने मान वळवली नाही. भाकरी थापतच राहिली. "हाय. बसा."

तो बसला नाही. पिशवीत हात घालून पुढे आला, तशी मी झेप घेतली. पहिल्यांदा कॉन्स्टेबल पोरगी पोचली, मग आम्ही. जमिनीवर पडलेल्या पिशवीतून, टॉवेलात गुंडाळलेला कोयता निघाला. पंचनामा होईपर्यंत बाई तशीच बसून होती. तव्यावरची भाकरी पुरती जळून कोळसा झाली होती, तरी तिला ती उचलायचं सुचत नव्हतं.

फोनमधला मजकूर, प्रश्न, शस्त्र, सगळं कागदावर आलं. खटला उभा राहिला. त्याला पुढे जामीन मिळाला, तिच्या तालुक्यात पाऊल टाकायचं नाही या अटीवर. अट कागदावर असते आणि मोटारसायकल रस्त्यावर, हे मला नोकरीने शिकवलं आहे. माहेरी तिने त्यानंतरही कळवलं नाही; सुटलेला माणूस राग म्हाताऱ्या आईवर काढेल, ही तिला भीती.

मी निवृत्त व्हायच्या आधी तिला म्हणालो, नोंद काढून टाकू, मीच चुकीचं सांगितलं होतं. ती म्हणाली, "दुकान दिसू द्या साहेब. त्याच्यावरच चूल पेटायलीय. मी कधी एकटी असते, तेवढं लिवू नका." माझ्या सगळ्या भाषणापेक्षा हे शहाणपण मोठं होतं. दुकानाची ओळख आणि माणसाचा माग यांत रेघ कुठे ओढायची, हे यंत्राला कळत नाही. ती आपण ओढायची असते. ती न ओढता मी बायकांना उपदेश करत होतो.

तेव्हापासून रोज सकाळी तिच्या दुकानाखालचा मजकूर मी वाचतो. गेल्या महिन्यात एक नवी ओळ दिसली. पाच तारे. ‘चव तीच आहे.’

तिला फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. ठाण्याला कळवलं आणि तशीच गाडी काढली. वाटभर मी फोन लावत राहिलो. खानावळीचं दार अर्धं लोटलेलं होतं. ते ढकलताना माझा हात कमरेकडे गेला, तिथे आता काहीच नसतं.

आत ती जमिनीवर बसली होती. मांडीवर एका म्हातारीचं डोकं होतं आणि ती म्हातारीच्या केसांतून हात फिरवत होती. शेजारच्या ताटात अर्धी भाकरी आणि चटणी.

"आई हाय साहेब," ती म्हणाली. "दुबलगुंडीची. शेजारणीच्या फोनला विचारलं म्हणं तिनं, रडकी चटणी कुठं मिळती. काल सांजच्याला येऊन पोचली."

म्हातारीला लिहिता येत नव्हतं. तिने लेकीच्या फोनमध्ये बोलून ती ओळ घातली होती; मायलेकींच्या बोलण्यात तो फोन मग आतच पडून राहिला. नवऱ्याला ज्या शब्दाने वाट दाखवली, त्याच शब्दाने आईलाही दाखवली होती. यंत्राला दोघांत फरक कळला नव्हता.

मी तिथेच टेकलो. म्हातारी उठून बसली आणि तिने स्वतः मला वाढलं. चटणी तिखटजाळ होती, डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी ते येऊ दिलं. लेक आईला चिडवत होती, आई मधूनच तिचं वाकडं मनगट चाचपत होती. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. खाताना मात्र दाराकडे तोंड करूनच बसलो होतो.